राष्ट्रीय संघाची निवड : पहिली नोंद गावच्या मैदानावर

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे गाव पाण्याच्या ताळेबंदासाठी सर्वपरिचित आहे. पडलेल्या पावसाची मोजणी करावयाची, तिची नोंद ठेवावयाची आणि मगच कोणती पिके घ्यावयाची ते ग्रामसभेत ठरवावयाचे, असा या गावाचा शिरस्ता आहे. गावाला ही शिस्त लावण्यात अग्रेसर असलेले पद्मश्री पोपटराव पवार हे तरुणपणी क्रिकेट खेळत असत. मोजमाप आधी व निर्णय नंतर, हा नियम खेळाडूंच्या निवडीलाही तितकाच लागू पडतो. खो-खोसारख्या मुख्यत्वे हौशी खेळात तो कसा उपयोगी पडतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्ली येथे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यांत भारताच्या महिलांनी नेपाळवर 78-40 असा, तर पुरुषांनी 54-36 असा विजय मिळविला. प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्यापूर्वी 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या महिला संघाचे नेतृत्व धाराशिवच्या सारिका काळे यांनी केले होते. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला.

निवडीची चाळण

राष्ट्रीय संघात अवघे 15 खेळाडू असतात. शालेय खेळाडू तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या चढतो. संघटनेच्या स्पर्धांत जिल्हा संघातून राज्य संघात व तेथून राष्ट्रीय स्पर्धेत जातो. निवड समितीची दृष्टी बहुधा या वरच्या पायऱ्यांवरच पडते. जी मुलगी तालुक्याच्या मैदानापर्यंत पोहोचलीच नाही, तिचा विचार कोणतीही समिती करू शकत नाही. म्हणून सर्वांत मोठी गळती पहिल्याच पायरीवर होते, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

सुदैवाने खो-खोतील कामगिरी आकड्यांत मांडता येते. संरक्षण करताना खेळाडू किती मिनिटे व सेकंद टिकला आणि आक्रमणात त्याने किती गडी बाद केले, या दोन नोंदी पुरेशा बोलक्या असतात. शिक्षकाने प्रत्येक सामन्यानंतर त्या एका साध्या वहीत लिहून ठेवल्या, तर वर्षअखेरीस गुणवत्ता आपोआप पुढे येते. नोंद नसेल तेथे आठवण आणि शिफारस यांचे फावते.

प्रशिक्षणाची दिशा

या खेळात आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात व नववा पाठलाग करतो. त्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही, की मागे वळता येत नाही. त्यामुळे केवळ वेगवान धावपटू निवडून संघ होत नाही. अचूक वेळी खो देणारा, खांबावर झेप घेणारा, सूर मारणारा, हुलकावणी देऊन साखळीत दीर्घकाळ टिकणारा, असे निरनिराळे गुण एकत्र आणावे लागतात. राष्ट्रीय शिबिरात त्यांचा मेळ घातला जातो. पण बैठकीतून झटकन उठण्याची सवय बाराव्या-तेराव्या वर्षीच अंगी बाणावी लागते. शिवाय मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात, मातीवर वाढलेल्या मुलांना त्याचाही सराव हवा.

पंचायतीचे कर्तव्य

सुमारे 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद सपाट जागा, दोन खांब, चुन्याच्या रेषा व एक घड्याळ एवढ्या सामग्रीवर हा खेळ उभा राहतो. एवढी जागा अतिक्रमणापासून राखणे कोणत्याही ग्रामपंचायतीला अशक्य नाही. स्पर्धा वयोगटानुसार होत असल्याने जन्मनोंदीचा दाखला वेळेवर मिळणेही तितकेच महत्त्वाचे आहे. मुलींना तालुक्याच्या गावी नेताना सोबत शिक्षिका असावी व परतीच्या प्रवासाची व्यवस्था आधीच केलेली असावी. पालकांचा नकार पुष्कळदा खेळाला नसतो, तर या अनिश्चिततेला असतो.

राज्य शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ ग्रामीण मुलामुलींना मिळावयाचा असेल, तर पावसाच्या नोंदवहीशेजारी खेळाची नोंदवहीही गावोगावी ठेवली गेली पाहिजे.