घरगुती कार्यशाळेतील वितळजोडकाम : साधनांची पारख

दोन धातुखंडांच्या कडा वितळवून त्यांस एकजीव करणे, ह्या क्रियेस वितळजोडकाम असे म्हणतात. कारखान्यांत आणि बाजारात ते ‘वेल्डिंग’ ह्याच नावाने ओळखले जाते. पूर्वी ही विद्या मोठ्या कारखान्यांपुरती होती. आता हातात उचलता येतील अशी लहान यंत्रे मिळू लागल्यामुळे हौशी कारागीरही तिच्याकडे वळला आहे. त्याचा पहिला प्रश्न असतो, थोड्या पैशांत कोणते यंत्र घ्यावे? दुकानात त्यास मोठमोठे आकडे दाखविले जातात. परंतु त्या आकड्यांची सत्यता शाळेत शिकविल्या जाणाऱ्या विजेच्या साध्या नियमांनी तपासता येते. हे तपासणे आवश्यकही आहे. चुकीच्या निवडीने केवळ पैसा वाया जातो असे नाही. भिंतीतील तार जळू शकते आणि डोळ्यांस इजा होऊ शकते.

१. काम आधी, यंत्र नंतर

प्रथम आपणांस काय जोडावयाचे आहे, ह्याची यादी करावी. कुंड्यांचे घडवंचीवजा स्टँड, फाटकाची बिजागरी, खिडकीची जाळी, बाकाचे पाय अशा घरगुती कामांत बहुधा साधे मृदू पोलादच येते. अँगल, पट्टी किंवा चौकोनी पाइप ह्या रूपांतील हे पोलाद 2 ते 5 मिलिमीटर जाडीचे असते. ॲल्युमिनियम, बीड किंवा अगदी पातळ पत्रा ह्यांचे जोडकाम अधिक कौशल्याचे व खर्चाचे आहे. आरंभी ते दूर ठेवणे बरे.

पोलाद सुमारे 1500 अंश सेल्सियसला वितळते. ही उष्णता दोन मार्गांनी मिळते. ऑक्सिजन व ॲसिटिलीन ह्यांच्या ज्योतीचे तापमान सुमारे 3100 अंश असते. तिने जोडता, कापता आणि तापवून वाकविताही येते. परंतु ऑक्सिजनची टाकी सुमारे 150 वातावरणांच्या दाबाने भरलेली असते, आणि तिच्या तोंडाशी तेल वा ग्रीस लागल्यास भडका उडू शकतो. ॲसिटिलीन नुसते दाबून भरले तर स्फोट पावते. म्हणून ते सच्छिद्र पदार्थात मुरविलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात, आणि ती टाकी नेहमी उभीच ठेवावी लागते. ज्या घरात माणसे झोपतात, त्या घरात अशा टाक्यांना जागा नाही.

दुसरा मार्ग विद्युत् प्रज्योतीचा. 1880 नंतरच्या दशकात बेनार्डोस व ओल्शेव्स्की ह्यांनी कार्बनच्या कांडीने प्रज्योत निर्माण करून धातू जोडले. 1888 मध्ये स्लाव्यानोव्ह ह्यांनी कार्बनऐवजी धातूचीच कांडी वापरली. ती स्वतः वितळून सांध्यात भर घालते. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग ह्यांनी कांडीवर लेप चढविला. लेप जळताना निघणारा वायू वितळलेल्या धातूस हवेपासून वाचवितो, आणि वर जमणारी धातुमळी थंड होणाऱ्या सांध्यास झाकून ठेवते. अशा रीतीने संरक्षक वायूची टाकी लागतच नाही. लेप दिलेली वेल्डिंग रॉड हौशी माणसास परवडते, त्याचे कारण हेच होय. कांड्या घेताना भारतीय मानक आय. एस. 814 चा उल्लेख वेष्टनावर पाहावा, आणि पावसाळ्यात त्या बंद डब्यात कोरड्या ठेवाव्या.

२. आकड्यांची पारख

कांडीची जाडी शक्यतो जोडावयाच्या धातूपेक्षा अधिक नसावी. 2.5 मिलिमीटरच्या कांडीस साधारणपणे 60 ते 90 अँपिअर प्रवाह लागतो, तर 3.15 मिलिमीटरच्या कांडीस 90 ते 130 अँपिअर. प्रज्योतीचा दाब काढण्याचा एक रूढ नियम आहे : प्रवाहास 0.04 ने गुणावे व त्यात 20 मिळवावे. 80 अँपिअरला हा दाब 23.2 व्होल्ट येतो. म्हणून प्रज्योतीची शक्ती 80 × 23.2, म्हणजे सुमारे 1856 वॅट होते.

ही शक्ती घरातील विजेतूनच यावयाची आहे. आपल्या देशात घरगुती पुरवठा 230 व्होल्टचा असतो, आणि मोठ्या प्लगची मर्यादा 16 अँपिअर असते. म्हणजे त्या प्लगमधून फार तर 230 × 16 = 3680 वॅट घेता येतात. यंत्राची कार्यक्षमता 80 टक्के धरल्यास वरील प्रज्योतीसाठी 2320 वॅट लागतील. त्यातही साधे यंत्र प्रवाह सलग न घेता झटक्यांनी घेते. त्याचा शक्तिगुणक 0.7 धरल्यास प्लगमधून सुमारे 14.4 अँपिअर वाहतील. हे मर्यादेत बसते. हाच हिशेब 110 अँपिअरसाठी केला तर 20.8 अँपिअर येतात. ते मर्यादेबाहेर आहेत. ह्यावरून असे दिसते की, साध्या घरगुती प्लगवर 2.5 मिलिमीटरची कांडी हीच आपली सीमा होय.

आता दुकानातील एका यंत्रावर ‘200 अँपिअर’ असे छापलेले असून त्यास 16 अँपिअरचाच प्लग आहे, असे समजा. 200 अँपिअरला दाब 28 व्होल्ट, म्हणून शक्ती 5600 वॅट. 3680 वॅट आत घेऊन 5600 वॅट बाहेर देणारे यंत्र ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमास मान्य नाही. एक तर तो आकडा खोटा आहे, किंवा तो प्लग त्या प्रवाहासाठी नाही. अशा यंत्राने 80 अँपिअरचे काम होईलही. पण 200 अँपिअरची किंमत मोजण्याचे कारण उरत नाही.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा. ‘60 टक्के’ म्हणजे दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम व चार मिनिटे विश्रांती. ही कसोटी 40 अंश सेल्सियस तापमानास घेतात. उत्तर भारतातील वा विदर्भातील मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली काम करणाऱ्याने यंत्रास अधिक विसावा द्यावा.

जुन्या पद्धतीचे रोहित्र-यंत्र जड असते व वीज अधिक ओढते. परंतु त्याची रचना साधी असून कोणत्याही गावात त्याची दुरुस्ती होऊ शकते. इन्व्हर्टर-यंत्र प्रथम विजेची कंप्रता शेकडो पटींनी वाढविते, म्हणून त्यातील रोहित्र लहान व हलके असते. घरगुती पुरवठ्यास तेच सोयीचे. मात्र ग्राइंडरची लोखंडी धूळ व पावसाळी ओल ह्यांपासून ते जपावे लागते.

लांब बारीक तार हाही एक धोका आहे. 20 मीटर लांबीच्या, 1 चौरस मिलिमीटर तांब्याच्या जोडतारेचा जाण्यायेण्याचा रोध सुमारे 0.69 ओहम असतो. 15 अँपिअर प्रवाहास त्या तारेत सुमारे 155 वॅट उष्णता निर्माण होते. तार गुंडाळलेली असेल तर ही उष्णता तेथेच साठते आणि निरोधक वेष्टन वितळते. म्हणून तार 2.5 चौरस मिलिमीटरची, आखूड आणि पूर्ण उलगडलेली असावी.

३. कापण्याची साधने

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे हॅकसॉ. धातूच्या जाडीत पात्याचे निदान तीन दात बसले पाहिजेत. इंचास 24 दातांचे पाते सुमारे 3 मिलिमीटर जाडीपासून पुढे चालते. त्याहून पातळ पाइपास 32 दातांचे घ्यावे. उत्तम शिकंजा असेल तर घरगुती कामाचा बराचसा भाग एवढ्यानेच होतो.

काम वाढल्यास 100 मिलिमीटरचा अँगल ग्राइंडर घ्यावा. मिनिटास 11,000 फेऱ्या घेणाऱ्या चकतीची कड सेकंदास सुमारे 58 मीटर वेगाने फिरते. चकतीवर छापलेली फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांहून मोठी असावी. संरक्षक झाकण काढून मोठी चकती बसविण्याची युक्ती कोणी सांगितल्यास ती ऐकू नये. फुटलेल्या चकतीचा तुकडा ह्याच वेगाने तोंडावर येतो.

प्लाझ्मा कटर स्टेनलेस पोलाद व ॲल्युमिनियमही कापतो. पण त्यास दाबाखालील हवा लागते, आणि 40 अँपिअरचा कटर घरगुती प्लगच्या मर्यादेपलीकडे जातो. असे काम वर्षातून दोनदाच असेल तर जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून कापून आणणे स्वस्त पडते.

४. जे टाळता येत नाही

प्रज्योतीतील जंबुपार किरण उघड्या डोळ्यांवर पडल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्याप्रमाणे वेदना होतात. ह्या कामासाठी 10 क्रमांकाची काच असलेला मुखवटा हवा. उन्हाचा चष्मा निरुपयोगी आहे. कौतुकाने पाहात उभ्या राहिलेल्या मुलांस प्रथम दूर करावे. जाड सुती कपडे, कोरडे चामडी हातमोजे आणि बंद पादत्राणे वापरावीत. कांडी जोडलेली नसली तरी होल्डरवर 60 ते 80 व्होल्ट दाब असू शकतो. म्हणून ओल्या जमिनीवर काम करू नये.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडताना निघणाऱ्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. मुलामा आधी घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेतच करावे. तेलाचे किंवा पेट्रोलचे रिकामे पिंप कधीही कापू अथवा जोडू नये. आत उरलेली वाफ स्फोटास पुरेशी असते. काम संपल्यावर अर्धा तास ठिणग्यांच्या जागेवर लक्ष ठेवावे.

५. खरेदीचा क्रम

प्रथम मुखवटा, हातमोजे व चष्मा, नंतर शिकंजा, हॅकसॉ व कानस, त्यानंतर ग्राइंडर, आणि शेवटी सुमारे 100 अँपिअर प्रामाणिकपणे देणारे यंत्र. यंत्र जोडण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. उरलेले पैसे कांड्यांवर व भंगारातील पट्ट्यांवर खर्चावेत, कारण सुबक सांधा यंत्राच्या किमतीने नव्हे, हाताच्या सरावाने साधतो.

विचारासाठी प्रश्न

(1) ‘250 अँपिअर’ असे छापलेल्या यंत्राच्या प्रज्योतीची शक्ती काढा. ते 16 अँपिअरच्या प्लगवर तेवढा प्रवाह देऊ शकेल काय?

(2) वर सांगितलेली 20 मीटरची तार 2.5 चौरस मिलिमीटरची घेतल्यास 15 अँपिअरला तिच्यात किती उष्णता निर्माण होईल?

(3) आपल्या शाळेतील अथवा घरातील मोठ्या प्लगवर कोणती उपकरणे चालतात, त्यांची यादी करा. आणि त्यांपैकी कोणती जोडकामाच्या वेळी बंद ठेवावी लागतील, ते सकारण लिहा.