घराला रंग देताय? मग आधी एवढं वाचा



दसरा-दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत घराला रंग देण्यासाठी अंतर्गत कर्जाची मागणी येतेच. उदगीर तालुक्यातल्या एका गटातल्या ताईंनीही असंच कर्ज घेतलं होतं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार, म्हणून हौसेनं खोलीला ऑइल पेंट दिला. लेक आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आई, डोकं लई दुखायलंय, मळमळायलंय." सगळ्यांना वाटलं, दिवस गेलेत, होतच असतं. पण ओसरीवर झोपायला लागल्यावर तिला बरं वाटलं. तेव्हा ताईंच्या लक्षात आलं, की त्रास बंद खोलीतल्या वासाचा होता.

वास येतो कुठून?

रंग वाळतो म्हणजे त्यातला पातळ भाग हवेत उडून जातो. चुना किंवा डिस्टेंपरमधून मुख्यतः पाणी उडतं. ऑइल पेंट आणि वॉर्निशमधून टर्पेंटाइन, थिनर यांची वाफ उडते. ती डोळ्यांना, घशाला झोंबते, डोकं दुखतं, दमेकऱ्याला धाप लागते. ही वाफ पेटही घेते, म्हणून रंगकाम चालू असताना त्या खोलीत चूल, गॅस पेटवू नका. डब्यावर ‘लो व्हीओसी’ लिहिलेलं असेल, तर अशी वाफ कमी निघते. मात्र नुसता ‘सुगंधी’ रंग म्हणजे सुरक्षित रंग नव्हे.

शिसं म्हणजे काय भानगड?

काही रंगांत चमक आणि टिकाऊपणासाठी शिसं घालत. ते लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, पोटातल्या बाळालाही पोचतं. आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. पण जुन्या दारा-खिडक्यांवरचा रंग त्याआधीचा असू शकतो. तो कोरडा घासू नका. पाणी मारून ओला खरवडा, खाली कागद अंथरा आणि नंतर झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. लेकरांना आणि गरोदर बाईला तेवढा वेळ लांब ठेवा. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला डबाही पाळण्याला, खेळण्यांना वापरू नका.

मग कुठे काय लावावं?

- मातीच्या किंवा साध्या गिलाव्याच्या भिंतीला चुना. स्वस्त आहे, बुरशीही कमी धरते. ऑइल पेंटवर मात्र तो टिकत नाही.
- घरकुलाच्या सिमेंटच्या भिंतीला डिस्टेंपर किंवा इमल्शन.
- दारं-खिडक्यांना पाण्यात मिसळणारा इनॅमल मिळतो, दुकानात तोच मागा.
- खादी ग्रामोद्योग आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये शेणापासून बनवलेला ‘प्राकृतिक पेंट’ आणला. तेव्हा डिस्टेंपर १२० रुपये आणि इमल्शन २२५ रुपये लिटर होतं. शेणानं सारवणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये!

चुना भिजवताना

कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो. म्हणून आधी पाणी घ्या, मग त्यात थोडा थोडा चुना टाका. लेकरांना जवळ येऊ देऊ नका. डोळ्यात उडाला तर लगेच भरपूर पाण्यानं धूत राहा आणि दवाखाना गाठा.

रंग दिल्यावर

दारं-खिडक्या उघड्या ठेवा. वास पूर्ण जाईपर्यंत, निदान काही दिवस, त्या खोलीत झोपू नका. सणाच्या किंवा पाहुण्याच्या आदल्या दिवशी रंग देण्यापेक्षा पंधरा दिवस आधी द्या.

ताईंनो, रंगासाठी कर्ज घेणं चुकीचं नाही. पण त्याच पैशात घरही सजावं आणि माणसंही सुखानं श्वास घ्यावीत, एवढंच सांगणं आहे.

पुढच्या बैठकीत बोलूया: आपल्या घरात सर्वात जुना ऑइल पेंट कुठे आहे? तो सुटतोय का? तिथे लेकरं खेळतात का? तिघी-चौघींना एकाच वेळी रंग द्यायचा असेल, तर एकत्र खरेदी करून भाव कमी करून घेता येईल का?