पहिल्या तीन पुस्तकांचा वाद

कवी ग्रेस यांच्या चाहत्यांत एक वाद कधी मिटत नाही. सुरुवातीच्या तीन संग्रहांपैकी थोर कोणता? ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७चा, ‘राजपुत्र आणि डार्लिंग’ १९७४चा, ‘चंद्रमाधवीचे प्रदेश’ १९७७चा. त्यानंतरचा कवितासंग्रह, ‘सांध्यपर्वातील वैष्णवी’, थेट १९९५ साली आला. मध्ये अठरा वर्षांची पोकळी, त्यामुळे पहिली तीन पुस्तकं आपोआप वेगळी पडली आणि भांडायला एक बंदिस्त आखाडा मिळाला. ग्रेस नागपूरचे, म्हणजे आम्हा यवतमाळकरांच्या शेजारचे. दत्त चौकातला चहा, कुणाच्या तरी घरची ओसरी, नागपूरच्या एसटीतली दोन सीट, असा जिथे जमेल तिथे हा वाद मी ऐकत आणि हिरिरीने घालत आलो आहे. त्यातून जे हाती लागलं ते लिहितो.

१. पुस्तक समोर नसेल तर वाद सुरूच करू नये

आमच्याकडे ग्रेस आधी कानांनी आले. ‘महाश्वेता’ मालिकेचं शीर्षकगीत लता मंगेशकरांच्या आवाजात दूरदर्शनवर घरोघरी वाजलं आणि ज्यांनी आयुष्यात कवितेचं पुस्तक विकत घेतलं नव्हतं, त्यांनाही ‘भय इथले संपत नाही’ पाठ झालं. १९८९च्या ‘निवडुंग’ चित्रपटातली गाणीही होती, त्यांच्या कॅसेट निघाल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण गाण्यात कवितेची मोजकीच कडवी येतात. मैफलीत एखादा तावातावाने सांगतो की पहिल्या संग्रहाची सर कशालाच नाही, आणि पुरावा म्हणून म्हणतो गाण्यातली तेवढीच कडवी.

म्हणून आमच्या बैठकीत एक रीत पडली. ज्याला बाजू मांडायची त्याने आधी ती कविता पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत मोठ्याने वाचायची. पॉप्युलर प्रकाशनाच्या त्या प्रती हातोहात फिरून पार मऊ झाल्या आहेत. एका प्रतीत तीन वेगवेगळ्या शाईंनी केलेल्या खुणा आहेत आणि एकाने खूण केलेल्या ओळीपुढे दुसऱ्याने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय. निम्मा वाद त्या समासातच झालेला आहे. वाचताना अडखळणारा माणूस बहुधा स्वतःच थांबतो आणि म्हणतो, अरे, हे कडवं माझ्या लक्षातच नव्हतं. मग बोलणं खरं सुरू होतं.

२. अर्थाच्या आधी लय पोचते, आणि ते पोचणं खरं असतं

‘दुर्बोध’ हा शिक्का ग्रेस यांच्यावर पहिल्यापासून आहे. मराठीच्या वर्गातही तो मारून मोकळं होतात. मला त्यावर सगळ्यात चांगलं उत्तर एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिणाऱ्या मित्राने दिलं. कापसाच्या हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नसते. त्याच्या समोर कुणीतरी एका कवितेतल्या घोड्याचा अर्थ सोडवायला बसला, तेव्हा हा म्हणाला, “मले अर्थ नोको सांगू, पुढची ओळ सांग.”

यात भाबडेपणा नाही. ‘भय इथले संपत नाही’ हे चार शब्द बोटांवर मोजा. भय दोन मात्रा, इथले चार, संपत चार, नाही चार. चौदा. ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ मोजा, तिथेही चौदाच. ग्रेस यांच्या कितीतरी कविता अशा ठरलेल्या मात्रांवर चालतात. प्रतिमा कुठल्या कुठे नेतात, चर्चमधून रानात, रानातून आईच्या पदराशी, पण पावलं ठरलेल्या अंतरावर पडत राहतात. म्हणून वाचणारा हरवत नाही, त्याला पुढे जावंसं वाटतं. अभंग आणि ओव्यांनी घडलेल्या कानाला हे सांगावं लागत नाही. मुक्तछंदात हीच प्रतिमासृष्टी आली असती तर इतक्या लोकांच्या तोंडी बसली असती, असं मला वाटत नाही.

म्हणून कुणी “काहीच समजत नाही, पण सोडवत बी नाही” म्हटलं की त्याला अडाणी ठरवू नये. त्याला पुन्हा वाचायला सांगावं. काही वर्षांनी तोच माणूस एखादी प्रतिमा अशी उलगडून दाखवतो की पीएच.डी.वाले गप्प बसतात. हे मी पाहिलेलं आहे.

३. पहिलं पुस्तक सगळ्यात खरं, ही समजूत तपासून घ्यावी

चाहत्यांमध्ये एक पंथ असतो, पहिल्याचा. तेव्हा तो निर्मळ होता, पुढे शैलीत अडकला, असं या पंथाचं म्हणणं. ‘संध्याकाळच्या कविता’ आली तेव्हा ग्रेस तिशीचे होते, आणि त्या पुस्तकात तिशीतली एक हळवी, संपूर्ण एकाग्रता आहे हे मी मान्य करतो. संध्याकाळ ही दिवसाची वेळ न राहता तिथे राहण्याची जागा होते. मराठीत उदासीला असा मुक्काम त्याआधी क्वचितच मिळाला.

तरीही माझं मत ‘राजपुत्र आणि डार्लिंग’च्या बाजूने पडतं, आणि ते मी कारणासकट सांगतो. पहिल्या संग्रहात दुःख सुंदर आहे. दुसऱ्यात त्या सौंदर्यालाच तडे जातात. आई, प्रेयसी, क्रूस, देह, पाप, प्रार्थना एकाच दमात येतात आणि कवी वाचकाची सोय बघत नाही. काही कविता फसल्याही आहेत, माझ्या मते. प्रतिमा एकमेकींवर रचत गेल्या की खालची दिसेनाशी होते. पण ज्या जमल्या त्या पहिल्या संग्रहातून निघूच शकल्या नसत्या. त्याच १९७४ साली ‘चर्चबेल’ हे ललितलेखांचं पुस्तकही आलं, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर गद्यात जे सैलपणे उच्चारलंय ते कवितेत किती दाबून भरलंय ते दिसतं.

‘चंद्रमाधवीचे प्रदेश’बद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्याचे वकील आमच्याकडे भरपूर आहेत. तिथे पहिल्याची लय आणि दुसऱ्याचं धाडस एकत्र आलं असं ते म्हणतात. मला तिथे थोडी स्थिरावलेली सराईतता दिसते. वाद चालू आहे.

४. भटांना खाली खेचून ग्रेस मोठे होत नाहीत

अमरावतीत जन्मलेले सुरेश भट आणि नागपूरचे ग्रेस. १९७४ सालीच भटांचा ‘रंग माझा वेगळा’ आला. एकाच वर्षी विदर्भाने मराठीला दोन टोकांची पुस्तकं दिली, एक थेट छातीवर हात ठेवून बोलणारं आणि एक पाठ फिरवून स्वतःशी पुटपुटणारं. ‘निवडुंग’मध्ये हृदयनाथ मंगेशकरांनी दोघांनाही शेजारी बसवलं आणि कुणाचंही तेज कमी झालं नाही. या तुलनेवर आमची एक बैठक कायमची मोडली. मी आता हा विषय निघाला की चहा सांगतो.

५. चाल लागली की कविता बदलते. हे नुकसान आहे का, हे ऐकून ठरवावं

माझा भाचा पुण्यात शिकतो. सुट्टीत घरी आला की खोलीत दिवसभर एकच काळवंडलेलं इंग्रजी संगीत. बँडचं नाव जॉय डिव्हिजन, इंग्लंडमधल्या मँचेस्टरकडचा. ‘अननोन प्लेझर्स’ १९७९चा आल्बम, ‘क्लोजर’ १९८०चा. दोनच आल्बम, आणि त्यांचे चाहते गेली चाळीसहून अधिक वर्षं भांडताहेत की पहिला श्रेष्ठ की दुसरा. मला तो वाद ऐकताना परकं काहीच वाटलं नाही.

त्याने सांगितलेली एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. हा बँड स्टेजवर दणदणीत, अंगावर येणारा वाजवायचा. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मार्टिन हॅनेटने पहिल्या आल्बममध्ये तो आवाज थंड केला. ढोल जणू रिकाम्या गोदामात वाजतोय, आणि वाद्यांमध्ये दूरदूरचं अंतर. बँडमधल्या पीटर हूक आणि बर्नार्ड समनर यांना ते तेव्हा अजिबात रुचलं नव्हतं. आज जगभरचे लोक त्याच थंडपणावर जीव टाकतात.

आम्ही त्या रात्री आधी त्याचा आल्बम ऐकला आणि मग हृदयनाथांच्या आवाजातलं ‘ती गेली तेव्हा’. नंतर मी तीच कविता नुसती वाचली. भाचा म्हणाला, “मामा, वाचताना ती वेगात जाते. गाण्यात प्रत्येक शब्दानंतर खूप जागा आहे.” बरोबर होतं त्याचं. कागदावर चौदा मात्रा झपझप संपतात, आणि पुढची ओळ मागच्या ओळीचं दुःख पुसून पुढे जाते. चालीत एकेक शब्द थांबवून धरलाय, पावसाला थांबायला जागा केली आहे. हृदयनाथांनी त्या कवितेचं एक वाचन केलं, आणि ते इतकं प्रभावी झालं की दुसरं वाचन करायला जोर लावावा लागतो. ज्यांना चाल आवडते त्यांनी महिनाभर ती ऐकू नये आणि मग कविता वाचावी. ज्यांना चाल म्हणजे भ्रष्टाचार वाटतो त्यांनी ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकावी. दोन्ही गट आमच्यात आहेत. दोघांनीही हे करून पाहिलंय आणि मतं थोडी हलली आहेत.

६. काळोखाच्या कवितेवर प्रेम करावं, काळोखाचं कौतुक करू नये

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि यवतमाळात राहून ते जास्त जाणवतं.

जॉय डिव्हिजनचा गायक इयन कर्टिस याने मे १९८०मध्ये, तेविसाव्या वर्षी, आत्महत्या केली. ‘क्लोजर’ त्यानंतर दोन महिन्यांनी बाजारात आला. तेव्हापासून लोक तो आल्बम चिठ्ठीसारखा वाचतात. प्रत्येक शब्दात शेवट शोधतात, आणि त्यामुळे गाणं म्हणून त्यात काय केलंय हे ऐकणं राहून जातं. भाच्याच्या मित्रांमध्ये त्या मरणाभोवती एक चमक आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी त्याच्याशी सरळ बोललो. आपल्या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं देशाच्या बातम्यांत कशासाठी येतं, हे त्याला माहीत होतंच. कापूस, कर्ज, कोरडवाहू जमीन आणि मागे राहिलेली बाई.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळात ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष अरुणा ढेरे.  उद्घाटनाला बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, त्यावरून मोठं वादळ उठलं, आणि शेवटी उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. त्या भाषणात प्रतिमा नव्हत्या. विधवेला काय ऐकावं लागतं, सरण विझल्यावर घर कोण चालवतं, ते त्या मंचावरून बोलल्या आणि मंडप स्तब्ध झाला.

मी त्यानंतर ग्रेस वाचणं सोडलं नाही. उलट जास्त वाचले. पण “मरण किती सुंदर लिहिलंय” अशी दाद आमच्या बैठकीत आता कुणी देत नाही, आणि दिली तर तिथेच थांबवतो. ग्रेस चौऱ्याहत्तर वर्षं जगले, मॉरिस कॉलेजात मराठी शिकवलं, कॅन्सरशी झुंजतानाही लिहीत राहिले, आणि मार्च २०१२मध्ये गेले. त्या काळोखाच्या कविता लिहायला रोज उठून बसावं लागलं असणार. शब्द घासावे लागले असणार, मात्रा जुळवाव्या लागल्या असणार. हे काम दिसलं की दुःखाची नशा उतरते आणि कवितेविषयीचा आदर वाढतो.

काळोखाचं कौतुक न करण्याचा धडा यवतमाळला घरातच मिळाला होता. भाऊसाहेब पाटणकर, वकील, शिकारी, पुढे दृष्टी गेली, आणि मराठी शायरीत मृत्यूशी खेळीमेळीने बोलणारा माणूस. १९९७मध्ये ते गेले. माझ्या वडिलांच्या पिढीला त्यांचे शेर पाठ होते. ग्रेस यांच्यावर भांडून डोकं जड झालं की कुणीतरी जुनं माणूस भाऊसाहेबांचा शेर म्हणतं आणि ओसरीवर हशा होतो. एकाच रात्रीत दोघेही लागतात, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

७. पुरस्काराने वाद मिटत नाही

२०११चा साहित्य अकादमी पुरस्कार ग्रेस यांना ‘वाऱ्याने हलते रान’ या ललितलेखांच्या पुस्तकासाठी मिळाला. कवितेच्या चाहत्यांना आनंद झाला आणि चुटपुटही लागली, की ज्या तीन संग्रहांनी आम्हाला घडवलं त्यांच्या वाट्याला हे आलं नाही. मला ही चुटपुट मान्य नाही. गद्याच्या दारातूनही माणसं आत येतात.

तसंच एक उदाहरण सध्या आमच्यात आहे. पुसदकडची एक मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, बैठकीला यायला लागली आहे. तिने सुरुवातच ‘चर्चबेल’पासून केली. तिन्ही संग्रह तिने आमच्या क्रमाने वाचलेच नाहीत. तिसरा आधी वाचला, मग पहिला. तिचं म्हणणं असं की पहिला संग्रह तिसऱ्यानंतर वाचला तर अपुरा वाटतो, आणि आम्ही सगळे ज्याला निर्मळपणा म्हणतो तो तिला नवखेपणा वाटतो. तिच्या बोलण्यावर आमचा ‘पहिल्याचा पंथ’ खवळला. तिने शांतपणे पुस्तक उघडून पानं दाखवली. आता ती ‘राजपुत्र आणि डार्लिंग’ घेऊन गेली आहे, माझीच प्रत, समासातल्या खुणांसकट. त्या खुणांना ती काय उत्तर लिहून आणते, याची मी वाट पाहतो आहे.