विकायचे घर आणि पायाखालची फरशी

घर विकणे ही लहान गोष्ट नव्हे. बापजाद्यांनी बांधलेले घर कोणी हौसेने विकत नाही. कोणाला मुलाकडे नाशिकला राहायला जायचे असते. कोणाला कर्ज फेडायचे असते. कोणाला मळ्यात नवे घर बांधायचे असते. घराचा जो पैसा हाती येतो, तोच पुढचा आधार असतो. म्हणून त्यातला रुपयान् रुपया जपावा लागतो.

आपल्या चांदवड तालुक्यात कोणी घर विकायला काढले, की शेजारी सल्ला देतात, "अगोदर फरशी बदला. चकचकीत स्टाईल टाका. भाव वाढून मिळेल." हा सल्ला कधी खरा ठरतो, कधी अंगाशी येतो. तो केव्हा ऐकावा, ते आपण या धड्यात पाहू.

घेणारा काय घेतो?

घेणारे दोन प्रकारचे असतात. एक राहायला घर घेतो. दुसरा फक्त जागा घेतो. तुमचे घर मातीच्या भिंतींचे, धाब्याचे आणि पडायला आलेले असेल, तर घेणारा ते पाडून नवे बांधील. त्याला तुमच्या नव्या फरशीचा काय उपयोग? ती तो कुदळीने उखडणार. अशा घराची भुई नीट चोपून सारवावी, अंगण झाडावे, एवढे पुरे.

घर पक्के आहे, घेणारा त्यात राहणार आहे, तरच फरशीचा विचार करा. तोही हिशेब मांडून करा.

समजा, आहे तसे घर 6,00,000 रुपयांना जाते. नव्या फरशीला 40,000 रुपये लागतात. फरशी टाकल्यावर घराला 6,25,000 रुपये आले, तर काय झाले? 25,000 वाढले, पण 40,000 गेले. म्हणजे 15,000 रुपयांची खोट आली. तेच घर 6,60,000 रुपयांना गेले, तर 20,000 रुपये सुटले.

मग आधी कसे कळावे? त्याच आळीत अलीकडे ज्यांनी घर घेतले, त्यांना विचारा. घेणारा ठरला असेल, तर त्यालाच सरळ विचारा, "फरशी टाकून देऊ, का तेवढे पैसे कमी करू?" पुष्कळ लोक म्हणतात, "पैसे कमी करा. फरशी आम्ही आमच्या पसंतीची टाकू." मग तुमचा खर्चही वाचला आणि दगदगही वाचली.

आधी ओल पाहा

फरशी का खराब झाली, हे पाहिल्याशिवाय ती बदलू नका. नाण्याने ठोकून पाहा. बद्द आवाज आला, तर खाली पोकळी आहे. फरशीवर पांढरा खार फुटला असेल, तर खाली ओल आहे. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते ना? तसेच जमिनीतले पाणी भुईतून वर चढते.

ओलीची परीक्षा घरीच करता येते. दोन फूट लांब, दोन फूट रुंद प्लास्टिकचा कागद भुईवर पसरा. चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस, एक रात्र तसाच ठेवा. मग उचलून पाहा. कागदाच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब दिसले, तर भुईत ओल आहे.

ओल कुठून येते, ते शोधा. न्हाणीचे पाणी जोत्यात मुरते का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? नळ गळतो का? बहुतेक वेळा एक पन्हळ बदलून किंवा अंगणाला बाहेर उतार देऊन काम भागते. त्याला खर्चही थोडा येतो.

आता हे बोलणे वाचा.

घरधनी म्हणाला, "मिस्त्री, ओलीवरच स्टाईल बसवून टाका. दोन महिन्यांत घर विकायचंच आहे."

गवंडी म्हणाला, "दादा, स्टाईलनं ओल झाकेल, थांबणार नाही. पाणी वाट काढतंच. सांध्यातून खार येईल, नाहीतर ओल भिंतीला चढेल."

घरधनीण म्हणाली, "आणि घेणारे कोण? आपल्याच तालुक्यातले. उद्या बाजारात त्यांना तोंड कसं दाखवायचं?"

त्या बाईचे म्हणणे खरे आहे. कायदाही तेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा 1882 सालचा आहे. त्याच्या 55 व्या कलमात विकणाऱ्याचे कर्तव्य सांगितले आहे. घराचा जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. तो लपवणे ही फसवणूक ठरते. नव्या फरशीखाली झाकलेली ओल असाच दोष आहे. मग पैसा खर्चून भांडण का विकत घ्यावे?

स्वस्तात काय बसते?

चांदवडच्या भोवतीचे डोंगर काळ्या दगडाचे आहेत. तो दगड जोत्याला उत्तम, पण त्याचे पातळ पापुद्रे निघत नाहीत. फरशीचा दगड थराथराचा लागतो. म्हणून तो बाहेरून येतो.

शहाबादी फरशी कर्नाटकातल्या शहाबादहून नाव घेऊन आली. ही करड्या रंगाची, साधी आणि टिकाऊ असते. चार-सहा फरश्या फुटल्या असतील, तर तेवढ्याच बदलता येतात. सगळी जमीन उखडायची गरज नाही.

कोटा फरशी राजस्थानची. रंगाने हिरवट. घासून चांगली गुळगुळीत होते. शहाबादी व कोटा दोन्ही चुनखडीच्या दगडाच्या. त्यांच्यावर ॲसिड टाकून धुऊ नका. दगड खाल्ला जातो.

कोबा म्हणजे सिमेंटची सलग जमीन. खाली मुरूम धुम्मसने चांगला ठोकून घ्यावा लागतो. वर खडी, वाळू आणि सिमेंट. नंतर निदान सात दिवस पाणी मारावे. पाणी मारण्यात आळस केला, तर तडे जातात.

टाइलला आपण बोलताना स्टाईल म्हणतो. गुजरातेत मोरबीला तिचे पुष्कळ कारखाने आहेत. दिसायला छान, पुसायला सोपी. पण न्हाणीत गुळगुळीत स्टाईल नको. म्हातारी माणसे घसरतात. तिथे खरबरीत घ्या. जुन्या फरशीवरच स्टाईल बसवली, तर जमीन वर येते. दारे अडतात. न्हाणीच्या पाण्याचा ढाळही बिघडतो. हे आधी पाहा.

मोजल्याशिवाय माल आणू नका

आम्ही शाळेत क्षेत्रफळ शिकवीत असू, तेव्हा मुले विचारीत, "गुरुजी, हे कशाला शिकायचं?" त्याचे उत्तर इथे आहे.

खोली 12 फूट लांब, 10 फूट रुंद आहे. 12 गुणिले 10 म्हणजे 120 चौरस फूट. गवंडी 100 चौरस फुटांना एक ब्रास म्हणतो. म्हणजे ही खोली सव्वा ब्रासपेक्षा थोडी कमी.

दुकानदार म्हणतो, "स्टाईल दोन बाय दोनची." दोन फूट म्हणजे जवळजवळ 61 सेंटीमीटर. ती स्टाईल असते 60 सेंटीमीटरची. म्हणून 30 नव्हे, 31 लागतात. तुटफूट व कापाकापी यांसाठी 3 जास्त धरा. झाल्या 34. एका खोक्यात 4 येत असतील, तर 9 खोकी घ्या. भिंतीच्या कडेची पट्टी लावायची असेल, तर ती वेगळी मोजा. उरलेल्या स्टाईल घेणाऱ्याला द्या. पुढे एखादी फुटली, तर त्याला त्याच रंगाची मिळेल.

मालाचा भाव, गाडीभाडे आणि मजुरी तिन्ही वेगवेगळे लिहून घ्या. दोन दुकानी विचारा. जुनी फरशी उचलून नेण्याची मजुरी कोण देणार, तेही आधी ठरवा. पावती जपून ठेवा. आता आपल्याला लिहिता-वाचता येते. मग तोंडी बोलण्यावर का राहावे?

ध्यानात ठेवा

1. पाडायच्या घराला नवी फरशी नको.
2. आधी ओल थांबवा, मग फरशी टाका.
3. फुटके तेवढे बदलून भागते का, ते पाहा.
4. जो खर्च परत येणार नाही, तो करू नका.
5. दोष असेल तो घेणाऱ्याला सांगा. भाव थोडा कमी आला, तरी व्यवहार पक्का होतो आणि झोप सुखाची लागते.

प्रश्न

1. ओलीची परीक्षा घरी कशी कराल?
2. घरधनीण काय म्हणाली? तुम्हाला ते पटते का?
3. खोली 10 फूट लांब, 9 फूट रुंद आहे. ती किती चौरस फूट झाली?
4. आपल्या घरातली एक खोली मोजा. लांबी, रुंदी व क्षेत्रफळ वहीत लिहा.