गौरी गेल्या त्या रात्री

2023 साली माझी लेक साडेतीन वर्षांची होती. आमच्याकडे गौरी-गणपती, म्हणजे पाच दिवस दार उघडंच. तिची दुपारची झोप एकदाही झाली नाही. कुणी आलं की "आत्याला नमस्कार कर", "काकूंना श्लोक म्हणून दाखव" सुरू. पोटात पेढे आणि मोदक, वरणभात नावाला. गौरीजेवणाच्या दुपारी ती पडद्यामागे फ्रॉकचं टोक चोखत बसलेली सापडली. मी हसत तिला ओढून बाहेर आणलं, कारण सासूबाईंच्या मावशींना तिला बघायचं होतं. खूण इतकी स्पष्ट होती आणि मला कळली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी 23 सप्टेंबरला, विसर्जन झालं. घर भकास वाटायला लागलं, म्हणून रात्री देखावे बघायला निघालो. पुण्यात मंडईजवळच्या गल्लीत शिरलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. एका मंडळासमोर ढोल-ताशा सुरू झाला. ताशाची तर्री घुमली तशी लेकीनं दोन्ही हातांनी कान दाबले आणि म्हणाली, "आई, घरी." मी तिला कडेवर घेतलं. म्हटलं, "अगं बघ तरी, किती छान वाजवतायत!"

ती पुन्हा काही बोलली नाही. अंग लाकडासारखं ताठ झालं आणि माझ्या कमरेला ओलं लागलं. चड्डीत शू होणं थांबून वर्ष झालं होतं. गर्दीतून बाहेर पडायला वीस मिनिटं लागली. तिची एक चप्पल तिथेच राहिली. पुढे नवरात्रापर्यंत ती कुकरच्या शिट्टीला दचकायची. शेजारी आरतीच्या झांजा वाजल्या की पलंगाखाली जाऊन बसायची.

लहान मूल "घरी" म्हणतं तेव्हा ते बहुतेक वेळा एकदाच म्हणतं. त्यानंतर एकतर रडून थैमान घालतं, नाहीतर गप्प होतं, आणि गप्प झालेलं मूल आपल्याला शहाणं वाटतं. कान चोळणं, बोलणं बंद होणं, ओढणी धरून मागे लपणं दिसलं की तिथून निघायचं, देखावा अर्धा राहिला तरी.

आवाजाचं तर मनावर घ्याच. नियमाप्रमाणे निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. त्या वर्षीची सरासरी 100 च्या वर होती. मोठ्यांना नको झालं तर ते चालू लागतात. कडेवरचं मूल कुठे जाणार?

आता आमच्याकडे दुपारी एक ते तीन कुणी येत नाही. मी आधीच फोन करून सांगते, आणि खरं सांगते, आजवर कुणी रागावलेलं नाही. आतल्या खोलीत पाहुण्यांच्या पिशव्या ठेवू देत नाही. ती खोली तिची. प्रसादाआधी वरणभात. नमस्कार करायचा की लांबून हात हलवायचा, हे तिनं ठरवायचं. सकाळी उठल्यावर आज कोण येणार, किती वेळ थांबणार, हे सांगून टाकते. तेवढ्यानंच तिची अर्धी किरकिर कमी झाली.

दर्शनाला सकाळी सातला कसब्याच्या गणपतीला जातो. 1893 पासूनचा मानाचा पहिला गणपती, आणि त्या वेळी मूर्तीसमोर निवांत उभं राहता येतं. तिथून तांबडी जोगेश्वरी चालत, मग घरी. तुळशीबाग, केसरीवाडा दुसऱ्या दिवशी. रात्रीची रोषणाई तिला हवी झाली की ती मागेल. विसर्जनाची मिरवणूक सकाळी मंडईतून निघून दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्यातले मानाचे गणपती आम्ही टीव्हीवर बघतो, आवाज तिच्या हातात.

आणि मुलाला गर्दीत नेणारच असाल, तर त्याच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चप्पल पट्ट्याची घाला.