वगळलेले अन्न पुन्हा सुरू करताना

पोट फुगणे, कळा, वारंवार जुलाब अशा तक्रारींवर डॉक्टर कधी कधी दोन ते सहा आठवडे काही पदार्थ बंद करावयास सांगतात. गहू, दूध, कांदा, लसूण, हरभरा ही नावे त्यात बहुधा असतात. बरे वाटू लागले की सणाला पुरणपोळी, दूध, भजी सारे एकदम ताटात येते, नाहीतर भीतीने ते कायमचे सुटते. पहिल्या प्रकारात त्रास कशाने झाला ते समजत नाही. दुसऱ्यात दूध-डाळींतील प्रथिने व कॅल्शियम विनाकारण गमवावे लागते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, नव्या वाणाची चाचणी घेताना आपण खत, पाणी व लागवडीचे अंतर तेच ठेवतो. येथेही तसेच करावे. बाकीचे पथ्य चालू ठेवून एकच पदार्थ घ्यावा. दूध असल्यास पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप. गहू असल्यास अर्धी पोळी, मग एक, मग दोन. त्रास झाल्यास तेथेच थांबावे. नंतर दोन-तीन दिवस पथ्याचेच जेवण घ्यावे व तक्रार पूर्ण शमल्यावर पुढचा पदार्थ तपासावा. सोसलेला पदार्थही सर्व चाचण्या संपेपर्यंत बाजूला ठेवावा. त्रास कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी होतो. म्हणून तारीख, प्रमाण व तक्रार वहीत लिहावी. आठवणीवर विसंबू नये.

आपल्या स्वयंपाकात लपलेले पदार्थ बरेच. शेंगदाण्याचे कूट भाजीत, कोशिंबिरीत, उपवासाच्या खिचडीतही असते. बाजारच्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. लसणातील फ्रुक्टान हा घटक पाण्यात उतरतो, तेलात नाही. त्यामुळे तेलात लसूण परतून पाकळ्या काढून टाकल्या आणि मगच भाजी घातली, तर ती फोडणी अनेकांना सोसते. दूध न पचणाऱ्यास ताक-दही चालू शकते. ते वेगळे तपासावे.

मात्र ज्यांना एखाद्या पदार्थाने ओठ-जीभ सुजणे, अंगावर गांधी उठणे, दम लागणे असे झाले आहे, त्यांनी तो पदार्थ घरी मुळीच तपासू नये. ते काम रुग्णालयातच व्हावे. सिलिअ‍ॅक रोगाचा संशय असल्यास गहू बंद करण्यापूर्वीच रक्ततपासणी करावी. गहू सोडल्यावर ती फसवी येऊ शकते. हा रोग निश्चित झाल्यास गहू व जव जन्मभर वर्ज्य. अशा घरी गव्हामागून दळलेले ज्वारीचे पीठ व वर सांगितलेला हिंगही चालत नाही. लहान मुले व गरोदर स्त्रियांच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पथ्यही नको आणि चाचणीही नको.

एक कप दूध बाधले पण अर्धा कप सोसला, तर अर्धा कप चालू ठेवावा. न सोसलेला पदार्थ काही महिन्यांनी पुन्हा थोड्या प्रमाणात घेऊन पाहावा.