इंजेक्शन उतरवलं, कार्ब्युरेटर चढवला

माझी सगळी नोकरी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत गेली. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्यात शक्तिमान ट्रक बनायचे आणि जोंगा ही लष्करी जीपही. जोंगाचं सहा सिलिंडरचं, ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन कार्ब्युरेटरवर चालायचं. १९९९मध्ये जोंगा बंद झाली, तोवर त्या इंजिनाचा आवाज माझ्या कानात मुरला होता. निवृत्तीनंतर रांझीतल्या घरामागे एक शेड टाकली. हातातलं काम सुटू नये, एवढाच हेतू.

भाचा शहापुऱ्याकडे मटार लावतो. त्याची २००६ची मारुती ८०० पंधरा वर्षांची होऊन रस्त्यावरून उतरली आणि शेतावरच फिरू लागली. मटाराची पोती, पंपाचे सुटे भाग, मजुरांचे डबे, सगळं तिच्यातूनच. एका पावसाळ्यात पाणी डॅशबोर्डखालच्या ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकात शिरलं. उघडून पाहिलं तर बोर्डावर हिरवा गंज चढलेला आणि मधल्या दोन वाटा जळून तुटलेल्या. गुरंदी बाजारात जुना ईसीएम शोधला, जुळणारा मिळाला नाही. भाचा म्हणाला, "मामा, सरळ कार्ब्युरेटर बसवून टाका. तुमच्या हातचं काम आहे."

ते काम केलं. करताना जे ध्यानात आलं, ते लिहून ठेवतो.

१. बसवण्यापेक्षा उतरवणं मोठं काम आहे. कार्ब्युरेटर दिसतो, हातात धरता येतो, चार नटांवर बसतो. इंजेक्शन मात्र गाडीभर पसरलेलं असतं. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा सेन्सर, थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा, पाण्याचं तापमान कळवणारा, सायलेन्सरच्या पाइपात बसून धुरातला ऑक्सिजन हुंगणारा. या सगळ्यांच्या तारा ईसीएमकडे जातात आणि तिथून इंजेक्टर, पंप आणि ठिणगी यांना हुकूम सुटतात. ईसीएम काढला की या प्रत्येकाचं काम दुसऱ्या कुणावर तरी सोपवावं लागतं. मी प्रत्येक तारेला चिठ्ठी लावली आणि एकही तार कापली नाही. उद्या भाच्याला ईसीएम मिळाला तर गाडी परत होती तशी करता आली पाहिजे, ही माझी पहिली अट होती.

२. सगळ्यात जास्त विचार पेट्रोलच्या पंपाचा करावा लागतो. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीत असतो आणि तो सुमारे अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल ढकलतो. कार्ब्युरेटरला त्याचा दहावा हिस्साही पुरतो. आतला फ्लोट म्हणजे पितळेची किंवा प्लास्टिकची हलकी पोकळ डबी. पेट्रोल वर आलं की ती तरंगते आणि एक छोटी सुई वर ढकलून वाट बंद करते. तीन बारच्या दाबापुढे ती सुई टिकत नाही. पेट्रोल वाटी भरून वर येतं आणि तापलेल्या इंजिनावर सांडतं. म्हणून टाकीतला पंप सोडून कमी दाबाचा छोटा पंप बाहेर लावला.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची आहे, आणि ती मला कुठल्या मिस्त्रीने सांगितली नाही, सर्किटचा नकाशा वाचताना कळली. इंजिन फिरायचं थांबलं की ईसीएम पंप बंद करतो. गाडी उलटली, धडकली, नळी तुटली, तरी पेट्रोल वाहत राहत नाही. नवा पंप सरळ चावीवर जोडला तर ही राखण संपते. चावी चालू असेपर्यंत पंप चालूच. मी पंपाचा रिले ऑइल प्रेशरच्या स्विचवरून घेतला. इंजिन थांबलं, ऑइलचा दाब पडला की पंप थांबतो. स्टार्टर फिरताना दाब नसतो, म्हणून तेवढ्यापुरती एक वेगळी तार. ज्यांनी अशी गाडी करून घेतली आहे, त्यांनी आधी बॉनेट उघडून हे बघावं, मायलेज नंतर.

३. मॅनिफोल्ड जुन्या गाडीचाच घ्यावा. इंजेक्शनच्या मॅनिफोल्डमधून फक्त हवा जाते. पेट्रोल अगदी शेवटी, व्हॉल्व्हच्या तोंडाशी शिंपडलं जातं. तिथे पट्टी बनवून वर कार्ब्युरेटर ठोकला तर पेट्रोलच्या थेंबांना लांबचा रस्ता कापावा लागतो, आणि थंड भिंतींवर ते साचतात. एक सिलिंडर उपाशी, दुसरा ओलाचिंब. २०००च्या सुमारापर्यंत ८००मध्ये कार्ब्युरेटरच होता. त्या काळचा मॅनिफोल्ड आखूड आणि तळाशी गरम पाणी फिरवलेला. गुरंदीत तो मिळाला. दुकानदाराने हातात घेतला आणि म्हणाला, "काय बड्डे, अब ये कौन लेत है?"

४. ठिणगीचंही तेच. जुना डिस्ट्रिब्युटर लावला. आत वजनं आणि बाजूला व्हॅक्यूमची डबी. इंजिनाचा वेग आणि भार बघून ठिणगी मागे-पुढे करण्याचं काम ती दोघं मुकाट्याने करतात. टायमिंग लाइट लावून खूण जुळवली. एवढंच.

५. पेट्रोल आणि हवेचा हिशेब आता माणसाकडे येतो, आणि ऋतू बदलला की तो हिशेब बदलतो. वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे प्रमाण ईसीएम चालता चालता सांभाळत होता. जानेवारीच्या पहाटे शहापुऱ्याच्या शेतांवर धुकं असतं आणि गारठा हाडांत जातो. तेव्हा चोक ओढल्याशिवाय गाडी जागी होत नाही. भाच्याचा मुलगा एकवीस वर्षांचा आहे. त्याने आयुष्यात चोक पाहिला नव्हता. किती ओढायचा, कधी अर्धा सोडायचा, पेट्रोलचा वास आला की थांबायचं, हे त्याला शेजारी बसून शिकवलं. काही दिवसांत तो आवाजावरून सांगू लागला, "आजोबा, आता सोडतो." मला त्या पोराचा फार अभिमान वाटला.

मे महिन्यात उलटा खेळ. जबलपूरचं ऊन त्रेचाळीसच्या पुढे गेलं की बंद केलेल्या इंजिनाची धग वर चढते आणि वाटीतलं पेट्रोल उकळतं. दुपारी गाडी थांबवून दहा मिनिटांत परत सुरू करायला गेलं की नुसता स्टार्टर फिरत राहतो. कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचा जाड तुकडा घातला, पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून दूर नेली. त्रास कमी झाला, गेला नाही. टाकीतून दाबाने येणाऱ्या पेट्रोलला ही अडचण सहसा नसते. नोकरीभर कार्ब्युरेटरबरोबर राहिलो, पण इंजेक्शन किती गोष्टी न सांगता करत होतं, हे ते काढल्यावर उमगलं.

६. आताचं पेट्रोल जोंगाच्या काळचं नाही. पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. सेन्सरवाली गाडी हे बऱ्याच अंशी सावरून घेते, कार्ब्युरेटरला कळतच नाही. मेन जेट एक नंबर मोठा लावला, प्लग काढून त्याचा रंग पाहिला. पांढरट होता तो फिका तपकिरी झाला, तेव्हा जीव भांड्यात पडला. जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदलल्या. इथेनॉल त्या फुगवतं. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवायची. नाहीतर ओलावा धरतो आणि आत पांढरी भुकटी बसते.

७. ही गाडी शेताबाहेर काढायची नाही, यावर मी ठाम आहे. पीयूसीची मर्यादा गाडीच्या जन्माच्या निकषावरून ठरते, तिच्यात आज काय बसवलंय त्यावरून नाही. भारत स्टेज २च्या आधीच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के चालतो. स्टेज २च्या, म्हणजे भाच्याच्या गाडीला फक्त ०.५. हायड्रोकार्बन तिथे १,५०० पीपीएम, इथे ७५०. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शाबूत नसताना साध्या कार्ब्युरेटरने आयडलिंगला अर्धा टक्का गाठणं फार अवघड, आणि गाठलाच तर गाडी नीट चालत नाही. कन्व्हर्टर ठेवला तर जाड मिश्रण त्याला जाळतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम मूळ रचना बदलण्याच्या आड येतं. ही अट मला जाचक वाटत नाही. पहाटे रांझीच्या रस्त्यावर लहान मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असतात. त्यांच्या तोंडाशी सहापट विष सोडायचा हक्क मला माझ्या कौशल्याने मिळत नाही.

८. आता लोक विचारायला येतात. जुनी ओम्नी, जुनी जिप्सी, चेक इंजिनचा दिवा लागलेला, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की कार्ब्युरेटर बसवा, कटकट मिटेल. मी आधी बॅटरीपासून इंजिनाला आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची जोडणी बघतो. मग ईसीएमचा कनेक्टर काढून पिना बघतो, मग रिले. अधारतालचा एक मुलगा गेल्या महिन्यात ओम्नी ओढून घेऊन आला. तिचा ईसीएम गेला म्हणून त्याला दोन ठिकाणी सांगितलं होतं. इंजिनावरच्या अर्थिंगच्या नटाखाली गंज होता. सँडपेपरने घासला, नट आवळला. ओम्नी पहिल्या चावीला सुरू झाली. तो पैसे किती विचारत होता. मी त्याला चहा पाजला आणि तो नट दर पावसाळ्याआधी बघायला सांगितलं.